बेण्याचा मान

गावांना अजून नावं पडायची होती आणि माणसं नदीच्या नावानंच मुलूख ओळखत, तेव्हाची ही गोष्ट आहे. लहानांनी ती ऐकावी. मोठ्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं करू नये.

एका नदीच्या दोन्ही काठांना ऊसच ऊस होता. वारा म्हणजे उसाच्या पात्यांची सळसळ, एवढंच तिथल्या लेकरांना ठाऊक. वाऱ्याला दुसरा आवाज असतो हे त्यांना कुणी सांगितलं असतं, तरी ती हसली असती. थंडी पडली की गावोगावी गुऱ्हाळं पेटत. काहिलीत रस उकळे, गुळव्या वाकून रसाचा रंग न्याहाळे, आणि रस्त्यानं जाणाऱ्या परक्या माणसालाही हाक मारून पानावर काकवी वाढली जाई. राजाच्या देवघरात नैवेद्याला गूळ लागे, तो इथलाच.

ऊस बी टाकून येत नाही, हे ज्यांनी मळा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. उसाचेच तुकडे करून ते सरीत आडवे पुरतात. त्या तुकड्याला टिपरं म्हणतात. टिपऱ्यावर डोळा असतो, डोळ्यातून कोंब येतो, कोंबाचा ऊस होतो. लागणीसाठी, म्हणजे नव्यानं लावण्यासाठी, राखलेल्या अशा उसाला बेणं म्हणतात. बेणं जसं असेल, तसा पुढचा सगळा मळा.

त्या मुलखात बेणं विकत नसत. सगळ्या गावांनी मिळून एक घर ठरवलेलं होतं. लागणीच्या दिवसांत त्या घरच्या मळ्यातून ज्यानं त्यानं आपल्याला लागेल तेवढं बेणं न्यावं, अशी रीत होती. त्याला बेण्याचा मान म्हणत. गाड्या यायच्या आधी त्या घरचं अंगण सारवलं जाई. घरातली सगळ्यात धाकटी सून हळदकुंकू लावलेलं पहिलं टिपरं घेणाऱ्याच्या उपरण्यात घाली आणि म्हणे, "निरोगी आहे, न्या." घेणारा ते कपाळाला लावी. उसाचा गोडवा, गुऱ्हाळांचा धूर, राजाचा नैवेद्य, सगळं त्या एवढ्याशा शब्दांवर उभं होतं.

आणखी एक रीत होती, ती जरा कडक. उसाला काणी नावाचा रोग होतो. उसाच्या शेंड्यातून चाबकासारखा लांब काळा दांडा बाहेर येतो. त्याच्यावर काजळीसारखी भुकटी असते. वारा आला की ती उडते आणि जिथं पडेल तिथं पुन्हा काणी येते. ज्याच्या मळ्यात काणी दिसेल, त्यानं स्वतः चावडीपुढं जाऊन हलगी वाजवायची. हलगी ऐकली की सगळं गाव कुदळी घेऊन धावे. रोगट बेटं, म्हणजे उसाचे ते सगळे ठोंब, मुळासकट खणून काढायची आणि बांधावरच जाळायची. कुणी हसायचं नाही, कुणी नावं ठेवायची नाहीत. उलट त्या दिवशी शेजाऱ्यांनी त्या घराला जेवू घालायचं. फक्त त्या मळ्याचं बेणं मग बरीच वर्षं कुणी न्यायचं नाही. बेण्याचं घर असलं, तरी मान दुसऱ्या घरी जायचा.

बेण्याचा मान असलेल्या घरात गोजरा नावाची मुलगी सून म्हणून आली.

तिचं माहेर नदीच्या खालच्या वळणावर होतं. तिला आई नव्हती, आणि बापाला तिच्याशिवाय कुणी नव्हतं. एक लहानसा मळा आणि एक लेक, एवढाच त्या माणसाचा संसार. लग्नात वऱ्हाडी त्याची थट्टा करत होते. म्हणाले, बेणं सगळ्यांनाच फुकट मिळतं, हा एकटाच पोरगी देऊन घेतोय. तो आपला हसत होता आणि डोळे पुसत होता.

गोजरा भित्री होती. भांडं पडलं तरी दचकायची, मागून कुणी हाक मारली तरी हातातलं सांडायची. सासू म्हणायची की आमची सूनबाई आणि टिटवी एका जातीच्या, दोघींना झोप कशी ती नाही. पण ती हे मायेनंच म्हणे. घर वाईट नव्हतं, हे लक्षात ठेवा. सासराही वाईट नव्हता. दुसऱ्याच्या मळ्यात काणी निघाली आणि हलगी वाजली, तर सगळ्यात आधी कुदळ घेऊन निघणारा माणूस तोच.

एके दुपारी गोजरा भाकरी घेऊन मळ्यात गेली. सरीतून चालताना तिच्या गालाला काहीतरी घासलं. तिनं वर पाहिलं तर उसाच्या शेंड्यातून एक काळा, वाकलेला, लांबट दांडा खाली लोंबत होता. तिला वाटलं नाग. ती किंचाळली आणि टोपली तिथंच पडली.

नवरा पळत आला. त्याला आधी हसू आलं, मग त्यानं दांडा पाहिला आणि त्याचं हसू तोंडातच राहिलं. डोक्याचं मुंडासं सोडून त्यानं हळूच त्या दांड्यावर टाकलं, भुकटी उडू नये म्हणून. मग वडलांना बोलावलं.

सासरा बराच वेळ त्या बेटाकडं बघत उभा राहिला. गोजरा वाट बघत होती की आता मामंजी चावडीकडं निघतील. तिच्या माहेरी हलगी वाजलेली तिनं पाहिली होती. तिचा बाप स्वतः वाजवत गेला होता, आणि त्या दिवशी शेजारणींनी बापलेकींना पुरणाच्या पोळ्या खाऊ घातल्या होत्या.

सासरा शेवटी म्हणाला, "एकदोन तर बेटं हायत. आपली आपण काढू. एवढ्यासाठी मुलूख कशाला उठवायचा?"

बापलेकांनी बेटं खणून काढली. पण जाळायची कशी? मळ्यातून अवेळी धूर निघाला की लोक विचारायला येणार. पुरावीत तर कुत्री उकरणार. मग त्यांनी ती मोळी करून पाटाच्या पाण्यात सोडून दिली. पाट त्यांच्या मळ्यातून निघून खालच्या सगळ्या मळ्यांना जात होता. पाणी कुठं जातं हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण आपल्या अंगणातून घाण गेली की माणसाला ती गेल्यासारखीच वाटते.

थोड्या दिवसांनी आणखी काणी निघाली. ती पण काढली, ती पण पाटात सोडली. सासरा दर वेळी म्हणे की आता एवढीच होती. असं म्हणत म्हणत मळ्याचा एक कोपरा विरळ झाला, आणि बाहेरून तो दिसू नये म्हणून बांधावर एरंड लावला गेला.

त्या मळ्यात एक म्हातारी कोल्ही राहायची. उसात कोल्हे असतातच. रस चोरतात, शिव्या खातात आणि लेकरं वाढवतात. एकदा गोजरा पाटावर हात धूत होती, तेव्हा ही कोल्ही समोर येऊन बसली. गोजरा दचकून मागं सरकली.

"भिऊ नको," कोल्ही म्हणाली. "मी निघालेच आहे. डोंगरात चालले."

गोजरानं विचारलं की भरला मळा सोडून डोंगरात का. कोल्ही म्हणाली की मळा भरलेला आहे तो वरून. आतून तो पोकळ व्हायला लागलाय, आणि नुसता ह्यांचाच नाही, पाण्याच्या वाटेवरचा प्रत्येक. लपायला ऊस नसला तर कोल्ह्यांनी इथं राहून काय करायचं?

"मामंजी काढतायत की ती बेटं," गोजरा म्हणाली.

"आमच्यात एकानं कुई केली की रानातले सगळे ओरडतात. तुम्ही त्याला हसता. पण संकट आलं आणि आमच्यातल्या कुणाला कळलंच नाही, असं कधी होत नाही." कोल्ही उठली. "हलगी चावडीवर टांगलेली आहे. तुला हात आहेत."

"मी सून आहे ह्या घरची."

"मग सून राहा," कोल्ही म्हणाली, आणि डोंगराच्या वाटेला लागली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

गोजराच्या मनात ते रुतून बसलं. संध्याकाळी सासू शेंगा फोडत होती, तिथं ती जाऊन बसली. भीत भीत म्हणाली की आत्याबाई, आपण सांगून टाकू या, लागण तोंडावर आलीय, लोक बेणं न्यायला येतील. सासूनं शेंगा बाजूला ठेवल्या. ती रागावली नाही, म्हणूनच तिचं बोलणं जास्त लागलं.

"हे बघ पोरी. ह्या मळ्यात आजवर काणी आली न्हाई. तुझं लगीन झालं आणि आली. सगळ्यात आधी तुलाच दिसली. लोक मामंजींना काय म्हणायचे न्हाईत, नवऱ्याला म्हणायचे न्हाईत. म्हणतील, पांढऱ्या पायाची सून आणली. जलमभर म्हणतील. तुझ्या बापालाही तोंड काढू द्यायचे न्हाईत. मी कुणासाठी गप बसलेय असं वाटतंय तुला?"

गोजरानं पुन्हा तो विषय काढला नाही.

लागणीचे दिवस आले. अंगण सारवलं, रांगोळी काढली. मळ्याच्या ज्या बाजूला काणी दिसली नव्हती, त्या बाजूचा ऊस तोडून सासऱ्यानं बेण्याच्या मोळ्या रचल्या. खरं तर काणी आधी आत शिरते आणि मग बाहेर दिसते. वरून टिपरं सुरेख, टवटवीत. डोळाही फुगीर.

गाड्यांची रांग लागली. गोजरा नवं लुगडं नेसून उंबऱ्यापाशी उभी होती. ती एकेकाच्या उपरण्यात टिपरं घालत होती आणि म्हणत होती, "निरोगी आहे, न्या." पहिल्यांदा म्हणताना तिनं घेणाऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं नाही. मग सवय झाली. खोट्याची सवय फार लवकर होते, हे तिला त्या दिवशी कळलं आणि तिला त्याचीच भीती वाटली.

सगळ्यात शेवटी तिचा बाप आला. धुतलेलं धोतर नेसलेला, हातात लेकीसाठी हरभऱ्याचे डहाळे. व्याह्यांना रामराम करून तो लेकीपुढं उभा राहिला आणि आनंदानं सांगू लागला की यंदा त्यानं मळ्यातला जुना ऊस सगळा मोडला. खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणारा ऊस, ठेवला असता तर पुढची लागण फसली तरी हाताशी काही राहिलं असतं, असं शेजारी म्हणत होते. पण त्यानं ऐकलं नाही. लेकीच्या हातचं बेणं लावायचं, ते जुन्यात मिसळायचं कशाला? सगळं रान नांगरून मोकळं करून तो आला होता.

गोजरानं पुढं केलेलं टिपरं पुन्हा मागं घेतलं.

बापानं ते पाहिलं. "का गं? बेणं चांगलं हाय न्हवं?" त्यानं चेष्टेनंच विचारलं होतं.

दाराआड सासूच्या बांगड्या वाजल्या. अंगणात माणसं होती. बाप हसत होता. एक शब्द पुरला असता. नको, एवढाच.

"निरोगी आहे, न्या," गोजरा म्हणाली.

"बापालाबी न्या म्हणतीस होय गं," तो म्हणाला, आणि टिपरं कपाळाला लावून त्यानं ते उपरण्यात बांधलं.

तिनं मनाशी ठरवलं होतं की मागून निरोप धाडू. दुसऱ्या दिवशी कुणी माहेराकडं जाणारं भेटलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशी भेटलं, पण ते बोलकं माणूस होतं. मग कळलं की बापाची लागण उरकलीसुद्धा. आता सांगून काय, असं तिला वाटलं. महिना गेल्यावर वाटलं की आता सांगितलं तर आधी का नाही सांगितलं म्हणून विचारतील. सांगायची गोष्ट जेवढी जुनी होते, तेवढी ती जड होते.

उन्हाळ्यात काणी फुटली.

आधी एका गावात हलगी वाजली. माणसं कुदळी घेऊन धावली. ती अजून वाटेत आहेत तोवर त्यांच्या स्वतःच्या गावातून हलगी ऐकू आली, तशी ती माघारी पळाली. मग सगळीकडून वाजायला लागल्या. नदीच्या ह्या काठानं, त्या काठानं. शेवटी शेवटी कुणी कुणाकडं धावेना. जो तो आपल्याच मळ्यात खणत होता, आणि धुरानं दिवस काळा झाला होता. उडालेली भुकटी अंगणात, पाण्यात, वाळत टाकलेल्या कपड्यांवर पडत होती. बेण्याच्या घरचा सासरासुद्धा त्या दिवशी चावडीवर गेला आणि त्यानंही हलगी वाजवली. सगळ्यांबरोबर वाजवली, म्हणून कुणाला वेगळी ऐकू आली नाही.

गोजराचा बाप आपल्या मळ्यात एकटा खणत होता. त्याला वाटत होतं की चूक आपली. पाणी जास्त झालं असेल, खत कच्चं असेल, नांगरट उथळ झाली असेल. एकेक बेट काढता काढता त्याचा सगळा मळा संपला. पुन्हा फुटायला त्यानं खोडवाही ठेवलेला नव्हता.

मग जाणती माणसं नदीकाठी बसली. एकाच वेळी सगळ्यांकडं काणी आली कशी, असं त्यांनी एकमेकांना विचारलं. बेणं कुठलं, हा प्रश्न निघाला आणि सगळे त्या घराच्या दिशेनं बघायला लागले, कारण सगळ्यांचं बेणं एकाच घरचं होतं.

ते त्या घरी आले. बरोबर गोजराचा बापही होता. सासरा ओट्यावर बसला होता. त्यानं सांगितलं की बेणं दिलं तेव्हा आमच्या मळ्यात काही नव्हतं. कुणाला खोटं वाटत असेल तर त्यानं सूनबाईला विचारावं, तिनंच आपल्या हातानं दिलंय.

सगळ्यांनी गोजराकडं पाहिलं. तिनं सासूकडं पाहिलं. पण आता ती बोलली. पहिला दांडा कधी दिसला, बेटं पाटात कशी सोडली, एरंड कशासाठी लावला, सगळं तिनं सांगितलं. नवरा खाली बघत होता. सासू आत जाऊन भिंतीला टेकली.

लोक ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले, समोर ठेवलेल्या पाण्याला हात न लावता निघून गेले. बापही गेला.

तुम्हाला वाटेल, इथं गोष्ट संपली. तसं नाही. काणीनं ऊस मेला होता, पण ऊस पुन्हा लावता येतो. रान तसंच होतं, नदी वाहत होती, हात शाबूत होते.

पुढच्या लागणीला डोंगरापलीकडच्या मुलखातून बेण्यानं भरलेल्या गाड्या आल्या. तिथल्या लोकांनी ह्यांचं ऐकलं होतं. एका म्हाताऱ्या गाडीवानानं चावडीपुढं बैल सोडले आणि सांगितलं की हे बेणं आमच्याकडून, रीतीप्रमाणं, काही द्यायचं नाही. मग तो म्हणाला, "निरोगी आहे, न्या."

कुणी पुढं झालं नाही.

एकजण म्हणाला की शेजाऱ्यानं आधी लावावं, त्याचं बघून मी लावीन. शेजारी म्हणाला की मी काय वेडा आहे. तिसऱ्यानं विचारलं की एवढं चांगलं असेल तर हे फुकट का देतायत? ज्या मुलखानं आजवर बेणं फुकटच घेतलं होतं, त्या मुलखात हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला. गाडीवान एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिला. गाड्या उन्हात उभ्या राहिल्या. तोडलेलं बेणं फार दिवस तग धरत नाही. डोळे सुकायला लागतात.

गोजराला राहवलं नाही. ती चावडीपुढं आली. तिनं मोळीतून ऊस ओढून काढले, चिरले, डोळे बघितले, पेरं बघितली. काणी कशी असते हे त्या मुलखात तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? बेणं खरोखरच चांगलं होतं. ती बापाकडं धावली. तो गर्दीच्या कडेला उभा होता.

"आबा, मी सगळं बघितलंय. हे खरंच चांगलं हाय. तुमी तरी घ्या. तुमी घेतलं तर बाकीचे घेतील."

बापानं तिच्या हातातल्या टिपऱ्याकडं पाहिलं.

"बाय, तुझ्यावर माझा राग न्हाई," तो म्हणाला. "पण तुझं तोंड बघूनच मी मागचं नेलं हुतं. आता कुणाचं तोंड बघू?"

आणि तो घराकडं वळला. त्याच्या मागोमाग बाकीचेही पांगले.

गाडीवानानं आणखी वाट पाहिली. मग त्यानं वाळलेल्या मोळ्या नदीकाठी ओतल्या आणि तो निघून गेला. गुरांनी त्या चघळल्या. त्यानंतर त्या मुलखाला कुणी बेणं धाडलं नाही, आणि त्यांनीही कुणाकडं मागितलं नाही.

ज्याला जे सुचलं ते त्यानं पेरलं, लपूनछपून, एकट्यानं, दुसऱ्याला न विचारता. पाटावर भांडणं झाली, पाट बुजले. राजाच्या नैवेद्याला दुसरीकडून गूळ जाऊ लागला. पुढं तर माणसं कोयते घेऊन परमुलखात दुसऱ्यांचा ऊस तोडायला जाऊ लागली. गोजराचा बापही अशा एका टोळीबरोबर गेला. लेकीच्या घरावरून वाट होती. ती उंबऱ्यात उभी होती. त्यानं तिच्याकडं पाहिलं, मान हलवली, आणि तो चालत राहिला. तो परत आल्याचं कुणी सांगत नाही.

त्या नदीकाठी आता उघडं रान आहे. तिथली लेकरं वाऱ्याचा नुसता घोंघावणारा आवाज ऐकून मोठी होतात.

म्हणून, आपल्याकडचा दोष दिसता क्षणी बोलून दाखवावा. झाकलेला दोष आधी पीक खातो आणि मग विश्वास, आणि विश्वासाचं बेणं कुठल्याही मुलखातून आणता येत नाही.